साळूने सांगितलेले मोल

एका राज्यात असे झाले, की उत्तरेच्या घाटात दरड कोसळली आणि व्यापाऱ्यांचे तांडे यायचे थांबले. रेशीम घेणारे कुणी उरले नाही. मीठ महागले, बाजार ओस पडला. राजा शूरकेतूने प्रधानाला विचारले, "खर्च कुठे कमी करावा?"

प्रधानाला फार विचार करावा लागला नाही. "महाराज, मागशाळेत रेशीम विणणाऱ्या बायकांना घरी पाठवावे. त्यांच्या घरी मिळवते पुरुष आहेत. रुग्णशाळाही बंद करावी. आजारी माणसे आपापल्या घरी जातील."

"तिथे त्यांचे कोण करील?"

"बायका आहेतच की, महाराज. आता रिकाम्याही आहेत."

त्या मागशाळेत साळू नावाची विणकरीण होती. चौदा वर्षे तिचा धोटा चालला होता. राजाच्या खांद्यावरचा शेला तिच्याच हातचा. सकाळी मागशाळेला कुलूप पडले आणि दुपारी रुग्णशाळेतून तिच्या सासूला, भीमाईला, डोलीत घालून दारात आणून ठेवले. भीमाईचे अर्धे अंग लुळे होते.

साळूचा नवरा धर्मा गवंडी होता. बांधकामे थांबली, तसा तोही घरी बसला. पण दोघांचे घरी बसणे सारखे नव्हते. धर्मा पारावर बसे. साळू मात्र पाणी भरी, दळी, सासूची कूस बदली, तिचे मळके धुई, पुन्हा चुलीपुढे बसे. शेजारणीही आपली लेकरे तिच्याकडे सोडून कामाच्या शोधात जात. तू घरीच असतेस ना, म्हणत. साळूच्या मनात संताप धुमसे. 'काम गेले म्हणतात माझे! मग ही कंबर कशाने मोडली?'

मागशाळा बंद झाल्याच्या पंधराव्या दिवशी राजाचे सोने माती झाले. खजिन्याचे दार उघडले, तर मोहरांच्या जागी ओली तांबडी माती. राजमांत्रिकाने पाण्यात पाहून सांगितले, "काळकड्याच्या गुहेत यक्षीण राहते. हा तिचा शाप. तिची तीन कामे जो करील, तोच तो सोडवील."

सेनापती गेला, तो कानांवर हात ठेवून पळत आला. युवराज गेला, तो दोन घटकांत नाक दाबून परतला. काम काय होते, ते दोघांपैकी एकानेही सांगितले नाही.

मागशाळेच्या अंगणात उंबर होता, त्यावर एक तांबट पक्षी राहत असे. तो उडत उडत साळूच्या दारात आला आणि म्हणाला, "साळूबाई, ती कामे तुला येतात. मी वाट दाखवतो."

"वाटाड्याची मजुरी काय घेशील?"

"ओंजळभर पिकली उंबरे." पक्ष्याने मान तिरकी केली. "मला विचारलेस. तुला कधी कुणी विचारले?"

साळू घरात जाऊन धर्माला म्हणाली, "अहो, मी काळकड्याला जाते. आईंना चार चार तासांनी कुशीवर वळवा. पेज पातळ द्या, ठसका लागतो त्यांना."

"मला कसे जमेल? ही बाईची कामे."

"मला का आईच्या पोटातून येत होती?" एवढे बोलून ती निघाली.

गुहेच्या तोंडाशी एकवीस दगडी बायका उभ्या होत्या. कुणाच्या कडेवर घागर, कुणाच्या हातात झारा. आत यक्षीण बसली होती. तिचे केस जमिनीला टेकले होते आणि डोळे निखाऱ्यासारखे होते.

"पहिले काम," यक्षीण म्हणाली. "ही म्हातारी तापली आहे. तीन दिवस हिला जगव."

म्हातारीच्या अंगाच्या धगीने भिंतीवरचे पाणी उकळत होते. अंथरूण घाण झाले होते. युवराज तिथूनच पळाला होता. साळूने आधी अंथरूण बदलले. मग कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, चमच्याने पेज भरवली. ज्या शिव्या ऐकून सेनापती पळाला होता, त्याच म्हातारीने तिलाही दिल्या. तिने त्या ऐकून घेतल्या. दोनदा उलट दिल्याही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

"दुसरे काम. ही सात लेकरे एकाच वेळी निजली पाहिजेत."

सात पाळण्यांत सात लेकरे ओरडत होती. एक थांबले की दुसरे सुरू. ओरडण्याने छताचे दगड निखळत होते. साळूने एकाला दूध पाजले, दुसऱ्याचे लंगोट बदलले, तिसऱ्याचे पोट शेकले. असे करत सहा निजवली. सातव्याला काहीच होत नव्हते. त्याला फक्त माणूस हवे होते. तिने त्याला पाठीशी बांधले आणि बाकीच्यांचे कपडे धुवायला घेतले. दोन दिवस लागले. गुहा शांत झाली, तेव्हा साळूला उभे राहवत नव्हते.

यक्षीण उठली. "तिसरे काम. या दोन कामांचे मोल सांग."

साळू मनाशी म्हणाली, म्हातारीला पेज पाजली, त्याचे मोल? लेकराला निजवले, त्याचे मोल? लोक काय म्हणतील? तिने तांबटाकडे पाहिले. तो दगडावर चोच मिटून बसला होता.

"तुझ्याआधी एकवीस जणी इथवर आल्या," यक्षीण म्हणाली. "प्रत्येक टंचाईत एखादी येते. प्रत्येकीने म्हटले, 'मोल कसले, हे तर माझे कर्तव्यच.' त्या तिथे उभ्या आहेत."

साळूने वळून त्या दगडी चेहऱ्यांकडे पाहिले. साऱ्या थकलेल्या होत्या. तिची लाज जळून गेली आणि त्या जागी संताप उभा राहिला.

"माझ्या नवऱ्याला भिंत बांधायचे दिवसाला चार पायली जोंधळे मिळत," ती म्हणाली. "भिंत ओरडत नाही, भिंतीला ताप येत नाही. तरी मी तेवढेच मागते. पाच दिवसांचे वीस पायली. जागरणाचे वेगळे पाच. आणि देताना उपकार केल्यासारखे तोंड करायचे नाही!"

यक्षीण हसली. शंभर वर्षांत ती पहिल्यांदा हसली होती. "मी या राजाच्या पणजोबाची दाई होते. त्यांना वाढवले, त्यांच्या बापाचे दुखणे काढले. दुष्काळ पडला, तेव्हा सर्वांत आधी मला हाकलले. मी काहीच मागितले नव्हते, म्हणून त्यांनी काहीच दिले नाही. त्या संतापाने मी यक्षीण झाले." तिने पंचवीस पायली जोंधळे मापून दिले. "शाप सुटला. पण असे मोल जो बुडवील, त्याच्या हातात सोने टिकायचे नाही."

एकवीस जणींच्या अंगावरचा दगड गळून पडला. त्यांनी जोंधळ्याची पोती डोक्यावर वाटून घेतली आणि साऱ्या साळूच्या घरी आल्या. साळूने आधी तांबटाला त्याची ओंजळभर पिकली उंबरे दिली. धर्मा दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेले. भीमाई स्वच्छ होती.

"साळू," तो हळूच म्हणाला, "हे तू रोज करत होतीस?"

"रोज. मागशाळा चालू होती, तेव्हा घरचे सारे करून वर मागही."

राजवाड्यात खजिना पुन्हा झळाळत होता. राजाने साळूला आणि त्या एकवीस जणींना बोलावून घेतले आणि शालजोडी मागवली. "बाई, तू त्यागाची मूर्ती आहेस. आजपासून तुला राज्याची माउली म्हणतील."

"मागशाळा कधी उघडणार, महाराज?"

प्रधान मध्येच बोलला, "सवडीने पाहू."

राजाच्या बोटातली अंगठी मऊ झाली. तांबडी माती शालीवर ठिबकली. राजाने हात झटकला, प्रधानाकडे पाहिले आणि तिथल्या तिथे दवंडी पिटवली. मागशाळा उद्याच उघडेल. रुग्णशाळा उघडेल. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्याला, बाई असो वा बुवा, राजाच्या कोठारातून धान्य मिळेल. आणि टंचाई आली, तर पहिली काटकसर राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होईल.

प्रधानाने कपाळ पुसले आणि गोड आवाजात म्हणाला, "आता आनंदाचे जेवण होऊ द्या. पाचशे पानांचा स्वयंपाक आहे. तुम्ही साऱ्या जणी आलाच आहात, तर हौसेने हात लावा."

एकवीस जणींमधली सर्वांत म्हातारी पुढे आली. तिच्या केसांत अजून दगडाची भुकटी होती. तिने आयुष्यात कधी विचारले नव्हते ते विचारले.

"मजुरी काय द्याल?"

प्रधानाने मजुरी सांगितली. ती कमी होती. म्हातारीने वाढवून घेतली, मगच चूल पेटली. ते जेवण फार चवदार झाले म्हणतात. जे जेवले ते तृप्त झाले, ज्यांनी रांधले त्याही तृप्त झाल्या. तशा तुम्हीही व्हा.