मरीआईचा गाडा सभेत येतो

एकदा एका गावावर संकट आलं आणि तिथल्या वडीलधाऱ्यांनी ते फार हुशारीने सोडवलं.

जवळच्या शहराचा कचरा डेपो या गावाच्या गायरानात होणार होता. डेपो कसा असतो ते गावाने दुसरीकडे जाऊन पाहिलं होतं. रात्रंदिवस धुमसणारे ढीग, भाकरीवर बसणाऱ्या माश्या आणि पावसाळ्यात ढिगाखालून विहिरीत उतरणारं काळं पाणी. गाव पेटलं. लोकांनी रस्ता अडवला. सर्वांत पुढे एक तरुण होता, गावातल्या वृद्ध गुरुजींचा शिष्य. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली होती. गुरुजींना मात्र सोडलं नव्हतं.

अखेर शहराचे साहेब नमले. म्हणाले, "बरं, दुसरी जागा सुचवा."

जागा तयारच होती. गावातल्या एका व्यापाऱ्याचा खडकाळ माळ शिवेपलीकडे, शेजारच्या वाडीच्या हद्दीत, ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. "माझा माळ घ्या," व्यापारी म्हणाला, "गावासाठी एवढं तरी केलंच पाहिजे." त्याचा त्याग पाहून म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. माळाचं भाडं कुणाच्या खिशात जाणार, हे त्या पाणावलेल्या डोळ्यांना दिसलं नाही. वाडीला विचारावं, हेही कुणाला सुचलं नाही.

त्याच वाडीत शिष्याची थोरली बहीण दिली होती. तिच्या दारातला आड त्या माळाच्या अगदी पायथ्याशी.

शिष्य गुरुजींकडे धावला. "उद्या सभेत ठराव होतोय. तुम्ही बोला, तुमचं ऐकतील."

"बोललो की. दोनदा बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या."

"मग?"

"मग चहा आला."

शिष्य भडकला. "तुम्ही म्हातारी माणसं सगळी एकाच माळेची! चहा तुम्ही प्यायचा आणि काळं पाणी माझ्या ताईने?"

गुरुजी रागावले नाहीत. "उद्या येताना दोरखंड आण," एवढंच म्हणाले.

त्या मुलखात एक जुनी रीत होती. पटकीची साथ आली की ती गावाबाहेर जावी म्हणून मरीआईचा लाकडी गाडा ओढत शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा. ते गाव तो पुढच्या गावाच्या शिवेत सोडी. साथी थांबल्या तेव्हा गाडा या गावात होता, तो इथेच राहिला. देवळामागे पडून होता. त्याला कुणी हात लावत नसे.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. ठराव वाचून झाला, हात वर होणार एवढ्यात खडखडाट झाला. गुरुजी पुढे, मागे दोरखंड खांद्यावर घेतलेला शिष्य, आणि त्याच्यामागे तो गाडा. गाडा थेट पारापाशी येऊन थांबला.

सगळे ताडकन उठले. एका म्हाताऱ्याची चप्पलही मागे राहिली.

"अहो गुरुजी, डोकं ठिकाणावर आहे का? भरल्या सभेत मरीआई आणता?" सरपंच ओरडले.

"कुठे नेऊ?"

"कुठेही न्या! शिवेपलीकडे ढकला, वाडीकडे. पूर्वी नेत होते तसा!"

सरपंचांच्या तोंडून वाक्य निघून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. ते खाली बसले.

गुरुजी म्हणाले, "माझ्या आजोबांच्या वेळी आपण हा गाडा वाडीच्या शिवेत सोडला आणि घरोघरी पुरण शिजवलं. पुढे वाडीत पटकी लागली. वाडीने आजाऱ्यांचे कपडे ओढ्यात धुतले. ओढा वाहतो कुणीकडे? त्या खेपेला गाडा परत आला नाही, पटकी परत आली. शिवेचा दगड माणसांनी पुरलाय, तो पाण्याला ठाऊक नाही."

सरपंच चिडून म्हणाले, "म्हणजे काय, डेपो आपल्या गायरानात घ्यायचा?"

"तसं मी म्हटलेलं नाही. शहराने स्वतःची घाण स्वतःच्या दारात जिरवावी, हे साहेबांना ठणकावून सांगायला एका गावाचा आवाज पुरला का? नाही पुरला. दुसरा आवाज वाडीचा, तो तर आपण तिच्याच घशात कचरा कोंबून बंद करायला निघालोत."

व्यापारी हळूच म्हणाला, "मग ठरावाचं कसं?" त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

सभेतून जरा बाजूला आल्यावर शिष्याने विचारलं, "हे सगळं तुम्ही आधीच्या दोन वेळी सांगितलं नव्हतं?"

"शब्दन् शब्द सांगितलं होतं. पण तेव्हा कुणाला जागेवरून उठावं लागलं नव्हतं."

एवढ्यात मागून सरपंचांची हाक आली. "ए पोरा, वाडीला जा. तुझ्या ताईच्या सासऱ्यांना म्हणावं, चार माणसं घेऊन या. तोवर सभा थांबलीय."

"आणि गाडा?"

सरपंचांनी गाड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले.

शिष्याने खांद्यावरचा दोरखंड उतरवला, गाड्यावर ठेवला आणि ओढ्याच्या काठाने वर चालू लागला.

आपल्या घरातून ढकललेला गाडा आज कुणाच्या शिवेत उभा आहे, ते ज्याने त्याने एकदा जाऊन बघावं.