तापलेली कॉइल

मोटारी माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका जुन्या मोटारीचं इंजिन घाटात तापलं की बंद पडायचं. सगळे ठिणगी टाकणाऱ्या प्लगलाच बोल लावत. प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी, इंजिनाला खेटून बसलेली कॉइल मात्र लाजेनं गप्प राही.

एकदा नवरीला नेताना गाडी अशीच थांबली. सोबतचे बाबालाल मिस्त्री प्लग काढून फेकणार, तोच कॉइलला राहवलं नाही.

"मिस्त्री, दोष त्याचा नाही. तापले की माझ्यातच जोर राहत नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही टाकून द्याल म्हणून."

मिस्त्री हसले. "अगं, ताप आलेल्याला कोणी टाकतं का?"

त्यांनी तिला ओल्या फडक्यानं गार केलं आणि इंजिनापासून दूर, वाऱ्याला बसवलं. प्लगनं टपोरी ठिणगी टाकली. गाडी मुहूर्ताआधीच मांडवाच्या दारात पोचली.