एका चवड्यावरचा निरोप्या

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. भांडी बोलायची त्या काळातली गोष्ट. जुन्या वस्तूंच्या दुकानात वरच्या फळीवर, पितळी भांड्यांच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात फ्रान्सहून आलेला ब्राँझचा पुतळा होता. तिकडच्या जुन्या कथांमधला तो देवांचा निरोप्या. पायांना पंख, अंगावर चिंधीसुद्धा नाही, आणि सगळा भार एका चवड्यावर. म्हणून फळीचा खिळा सुटतोय हे त्यालाच आधी कळलं.

"घंगाळमावशी, निरोप आहे!"

"आधी दुसरा पाय खाली टेक. पडशील!" मावशी म्हणाली.

"पाय असाच ओतलाय हो. ऐका तर, माझ्या कोपऱ्यातला खिळा..."

"उघड्या अंगाने गारठलाय गं," समई कळवळली. "दूध तरी प्यायलास का रे?"

"खिळा सुटतोय! लांब व्हा!"

"बाई, लेकरू घाबरलं! चला गं, सगळ्या मिळून धरू त्याला," मावशी म्हणाली.

मग घंगाळ, समई, परात आणि त्यांच्यामागून सगळ्या वाट्या त्याच कोपऱ्यात सरकल्या. तेवढ्या भाराने खिळा निघाला, आणि सगळी मंडळी खालच्या फळीवर आदळली.

समईची मान वाकडी झाली. मावशीच्या पोटाला पोचा पडला. निरोप्या मात्र तसाच, एका चवड्यावर उभा.

"बघ!" मावशी उताणी पडूनच ओरडली, "सांगत नव्हते, पडशील म्हणून?"

निरोप्याने चवडा हलकेच दाबून पाहिला.

"मावशी, याही फळीचा खिळा हलतोय. माझा पाय नंतर बघा. खाली काचेच्या बरण्या आहेत, त्यांना एवढा निरोप सांगा."