तारवीच्या कोरड्या उताराची रीत

हसा पाव्हणं, पोटभर हसा. हिरडवाडीच्या उताराला, जिथून नदी ओलांडतात तिथं, तारवीत चूळ भरायला पाणी नाही, नुसती वाळू. आणि तिच्यातून आमची शहाणीसुरती माणसं धोतर-लुगडी गुडघ्यावर खोचून, पायताणं हातात धरून चालतात. आमदार आला तरी विजार वर ओढतो, आणि त्याच्या पिंढऱ्या बघायला गाव जमतं. पण मधे ती पालथी नाव दिसते ना, तिच्याजवळ गेलात की हसू आवरा. ती बयाजी भोयाची.

समोरचा तो बोडका डोंगर, त्याला गाभणीचा डोंगर म्हणतात. एके काळी म्हणे त्याच्यावर हिरडा, ऐन, जांभूळ यांची अशी दाटी होती, की पावसाला जमिनीवर पडायला वाट विचारावी लागे. डोंगर चार महिने पाणी प्यायचा आणि आठ महिने ते थेंबाथेंबानं तारवीत सोडायचा. चैत्रातसुद्धा उताराला कंबरभर पाणी असे. बयाजी माणसांना नावेतून पलीकडे न्यायचा. त्याची भाकरी त्या पाण्यावर होती.

मग कोळशाचा मुकादम आला, कुऱ्हाडवाले घेऊन. त्यांना पलीकडे कुणी नेलं? बयाजीनंच. जाताना कुऱ्हाडी, येताना कोळशाची पोती. नाव कधी रिकामी म्हणून नाही. त्या साली त्याच्या एकुलत्या लेकीच्या, साळूच्या, अंगावर नवं लुगडं आलं. गावही खूश. डोंगर उघडा झाला, आता वाघाची भीती गेली, म्हणून लोकांनी नारळ फोडला.

वाघ गेला, त्याच्या मागोमाग पाणीही निघालं. पहिल्या साली नदी होळीपर्यंत टिकली, दुसऱ्या साली संक्रांतीपर्यंत. तिसऱ्या सालापासून पाऊस पडला की सगळं पाणी डोंगराच्या मातीसकट एका दुपारी धावत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी वाळू. म्हातारी माणसं म्हणाली, डोंगर गाभडला, पोटातलं पाणी टाकून बसला.

नाव वाळूत बसली. बयाजीही तिच्याजवळ बसून राहू लागला. गावाला आयता खेळ मिळाला. काठावरून कुणीतरी ओरडायचं, "बयाजी, नाव आण रे, बुडालो!" आणि तो सवयीनं दचकून उठायचा. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी हा खेळ अगदी मन लावून खेळला, खोटं कशाला बोला.

पण बसून बसून बयाजीला एक कळलं होतं. गावावर लख्ख ऊन असतं, तिकडे डोंगरावर ढग फुटतो, आणि कोरड्या नदीत भिंतीसारखं पाणी येतं. त्याच्या डोळ्यांदेखत एक म्हैस अशीच गेली. आवाज कानाला लागायच्या आधी वाळू तळपायाला सांगते, आतून थरथरते. म्हणून तो जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, "पायताण काढा, कपडा वर खोचा, मधे थांबू नका." पळायची वेळ आली तर पाय मोकळे हवेत. लोक मान डोलवायचे आणि जोड्यांसकट पुढे जायचे.

वैशाखात साळूचं लग्न झालं. नवरदेव पलीकडच्या काठचा. दुपारी वऱ्हाड नवरीला घेऊन परत निघालं, तेव्हा उतारावर बयाजीनं हात जोडले. "मामा, पायताणं काढता का?"

नवऱ्याच्या मामानं मिशीवरून बोट फिरवलं. "का हो व्याही, देवळात आलो का काय? आणि पाय मळले तर धुवायला पाणी कुठनं आणाल?"

वऱ्हाड खदखदलं. बयाजी मुलीचा बाप. वरपक्षाला एक गोष्ट दोनदा सांगायची छाती त्या काळी मुलीच्या बापाला नव्हती. मामा रुसला तर लेक उंबऱ्यावरून माघारी यायची. त्यानं जोडलेले हात खाली घेतले.

साळू मात्र थांबली. तिनं वहाणा काढल्या, शालूला हात घातला. "आबा, वर खोचू?"

बयाजीनं डोंगराकडे पाहिलं. माथ्यावर काळं दिसत होतं. मग त्यानं तिच्या सासऱ्याकडे पाहिलं.

"आजच्या दिवस राहू दे, पोरी," तो म्हणाला. "माणसं बघतात."

नदीच्या मधोमध मामाला लहर आली. "व्याह्याची नाव आहे, जरा बसून तरी बघू," म्हणत तो नावेत चढला आणि पान जमवू लागला. वऱ्हाड भोवती टेकलं. वाजंत्री चालूच होती. इकडे काठाशी उभ्या बयाजीच्या तळपायाखाली वाळू थरथरली. तो ओरडला, ओरडत धावत सुटला. मामानं दोन्ही हात वर केले आणि गावात ऐकलेलं वाक्य जरा फिरवून ठोकून दिलं, "व्याही, वल्हं आणा, बुडालो!" हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वळणावरून पाणी आलं ते काळं, डोंगरावरच्या कोळसाभट्ट्यांच्या राखेचं, तोडलेल्या झाडांचे बुंधे पुढे लोटत. बरेच उठले ते जोड्यांत अडखळले. साळू उठली, बापाकडे धावली, आणि शालू पायांत गुंडाळला गेला. तिचा हात बयाजीच्या हातात आला होता, असं सांगतात. मग हातात उरला तो फुटका हिरवा चुडा.

नऊ माणसं गेली, मामासुद्धा. दिवस मावळेपर्यंत वाळू उघडी पडली. नाव तेवढी पालथी होऊन तिथंच रुतली.

पुढे बयाजीनं कुणाला हात जोडले नाहीत. वल्हं घेऊन उतारावर उभा राहायचा. पाटील असो नाहीतर जावई, जोडा घालून वाळूत पाय टाकील त्याच्या नडगीवर वल्हं बसे. वीस वर्षं असा उभा राहिला आणि नावेला टेकूनच गेला.

मग नदी परत आली असेल, असं वाटलं ना? नाही आली. दर साली बडी माणसं गाड्यांतून येतात, डोंगरावर रोपं लावतात, फोटो काढतात. आमच्या शेळ्या त्यांची आतुरतेनं वाट बघतात. शेळ्या आमच्याच.

आजही हिरडवाडीची लेक सासरी निघाली की उतारावर वाजंत्री थांबते. नवऱ्याचा मामा साऱ्या वऱ्हाडाची पायताणं पाटीत भरून डोक्यावर घेतो, आणि त्याचं तोंड बघायला आम्ही झाडून सगळे जमतो. मग मुलीचा बाप डोंगराकडे तोंड करून, सासरच्या माणसांना ऐकू जाईल असं तीनदा ओरडतो, "खोच पोरी, वर खोच!"

तिसऱ्यांदा अजून एकाही बापाचा आवाज धड निघालेला नाही.

काढा ते बूट.