नाथाच्या लेकराची आत्या

त्या वर्षी नाताळच्या तोंडावर योएलबुवा निंबदेहरे गावी मुक्कामाला होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, खांद्यावर वीणा आणि दोन्ही पाय सुजलेले, असे महाराज चालत आले आणि ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत, प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर त्यांनी पथारी टाकली. सारे आयुष्य त्यांनी गावोगाव ख्रिस्तचरित्राचे कीर्तन केले. हिंदू असोत की ख्रिस्ती, लोक त्यांना महाराजच म्हणत. पण भाविकहो, खरे सांगायचे तर त्या दिवसांत महाराज फार थकले होते. पायांनी थकले होते आणि मनानेही. ज्या गावी जावे तिथे कोणीतरी वाट अडवून तोच प्रश्न टाकी : कुमारी मरीयेला मूल झालेच कसे? महाराज उत्तर देत, विचारणारा हसे, ऐकणारे टाळ्या पिटत, आणि पुढच्या गावी पुन्हा तेच. "प्रभू एकदाच जन्मला," ते म्हणत, "पण त्याच्या जन्मावरचं भांडण काही संपत नाही बाबांनो."

निंबदेहऱ्यात तर या भांडणाचा उत्सवच होई. नाताळाआधीच्या बाजारच्या दिवशी चिंचेखाली सतरंजी पडे. एका बाजूला वस्तीचे उपदेशक पौलसराव, दुसऱ्या बाजूला गावचे निवृत्त हेडमास्तर त्र्यंबकराव खेडकर. मास्तर मोठे वाचणारे. पुण्याहून त्यांच्याकडे मासिके येत. त्यांचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता आणि हे ते सगळ्या देवांना सारखेच ऐकवीत. शिवाशिव आपण मानत नाही असेही सांगत, पण ओढा ओलांडून वस्तीत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलेले नव्हते. पौलसरावही काही कमी नव्हते. त्यांना प्रभू प्रिय होता, पण चार लोकांत वाद जिंकणे त्याहून थोडे अधिक प्रिय असावे. बाजाराला आलेली माणसे भाजलेल्या शेंगा खात दोघांचे ऐकत आणि जो मोठ्याने बोले त्याला दाद देत.

वस्तीत नथानेल नावाचा एक गरीब भक्त होता. सारे त्याला नाथा म्हणत. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकावी, रविवारी मंदिर झाडावे, आणि भजनाला सगळ्यांच्या मागे बसून चुकीच्या ठिकाणी टाळ वाजवावा, एवढेच त्याचे चरित्र. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ नाही, बहीण नाही. त्याच वर्षी त्याने सारा नावाच्या मुलीशी लग्न केले होते. सारा दूर कुठेशी सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली होती आणि परतली ती पोटुशी. मूल कोणाचे हे तिने सांगितले नाही. नाथाने विचारले नाही. "येतीस का माझ्या घरी?" एवढेच तो तिला म्हणाला होता. पौलसरावांनी लग्न लावले खरे, पण त्या दिवसापासून उपासनेला त्या दोघांना दाराजवळ बसायला सांगितले. नाथा आनंदाने दाराजवळ बसू लागला. तिथे वारा चांगला येतो, असे त्याचे म्हणणे.

तर बाजारचा दिवस आला. महाराजांना मधोमध बसवून दोन्ही पक्षांनी वाद मांडला. मास्तरांनी शरीरशास्त्र सांगितले, पौलसरावांनी संदेष्ट्यांची वचने सांगितली. मास्तर म्हणाले, "बापाशिवाय मूल ही बाब निसर्गात नाही." पौलसराव म्हणाले, "निसर्ग ज्यानं केला त्याला निसर्गाची परवानगी लागते काय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्तरांना काही सुचले. ते मांडी बदलून पुढे सरकले आणि हसत म्हणाले,

"ठीक. बाप नव्हता असं धरून चालू. मग मला सांगा उपदेशक, बारशाला तुमच्या प्रभूच्या कानात नाव कोणी सांगितलं? बाप नाही म्हणजे बापाची बहीण नाही. येशूची आत्या कोण?"

बाजार खो खो हसला! आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ख्रिस्ती झाले तरी वस्तीतल्या बायकांनी ही रीत सोडलेली नव्हती. पौलसराव शुभवर्तमानाची पाने उलटू लागले. आता त्यात आत्या कुठून सापडणार? तेव्हा मागून नाथा उभा राहिला.

"योसेफाची बहीण की, मरीयेच्या नवऱ्याची," तो म्हणाला.

"पण योसेफ बाप नव्हता ना रे?" मास्तर म्हणाले.

"नव्हता जी. पर त्यानं घरात घेतलं न्हवं? मंग त्याची बहीण ती आत्याच."

"खाली बस मूर्खा!" पौलसराव ओरडले. "आमच्या मताचा पार चुथडा केलास."

मास्तरांना मात्र आयते सावज मिळाले. "अहो, बोलू द्या त्याला," ते म्हणाले. "आपल्यापैकी या विषयातला अनुभव त्याच्याच गाठीशी आहे. का रे नाथा, योसेफाच्या स्वप्नात आला तसा तुझ्याही स्वप्नात देवदूत आला होता का? काय म्हणाला?"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की शेजारची जनावरे बिथरली. पौलसरावांच्या बाजूचे लोकही हसले, हे लिहिताना वाईट वाटते. नाथाला आधी कळलेच नाही. सगळे हसतात म्हणून तोही थोडा हसला. मग त्याने पाहिले, की भाजीच्या पाटीशेजारी बसलेली सारा उठली आहे. दिवस भरलेले, चेहरा पांढराफटक. पाटी तिथेच टाकून ती पोट धरून ओढ्याकडे चालू लागली. नाथा लोकांना ढकलत तिच्यामागे धावला.

महाराजांना, भाविकहो, डुलकी लागली होती. हा वाद त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की त्यांचे डोळे आपोआप मिटत. हसण्याने ते जागे झाले. काय झाले ते विचारले. कोणीतरी हसू आवरत सांगितले. महाराज म्हणाले, "माझंच चुकलं. जागं राहायला हवं होतं."

वीणा तिथेच सतरंजीवर ठेवून ते उठले आणि त्या सुजलेल्या पायांनी ओढ्याकडे निघाले. कोणालाही त्यांनी 'या' म्हटले नाही, तरी दहापाच माणसे मागोमाग गेली. त्यांत एक बाई होती, त्र्यंबकरावांची थोरली बहीण द्वारकाबाई. गाव तिला अक्का म्हणे. लहानपणीच विधवा होऊन ती भावाच्या घरी आली होती आणि त्याच्या स्वयंपाकघरात तिचे केस पांढरे झाले होते. भाऊ चारचौघांत बोलत असताना ती कधी तोंड उघडत नसे. आजही उघडले नाही. लुगड्याचा ओचा वर धरून ती ओढ्यात उतरली.

नाथाच्या झोपडीत पोचताच साराला कळा लागल्या. सुईण आली, वस्तीतल्या बायका जमल्या, महाराज अंगणात बसून राहिले. उन्हे कलली तेव्हा मूल जन्मले. मुलगा होता. पण रडला नाही! अंग निळेसावळे, मान लुळी. सुईणीने उलटा धरून थोपटला, कानाशी थाळी वाजवली, नाकाशी कांदा फोडून धरला. काही नाही. शेवटी तिने लेकराला फडक्यात गुंडाळले आणि बाहेर येऊन नुसती मान हलवली.

आतून साराचा आवाज आला. त्या आवाजात रडणेही उरले नव्हते. "मला ठावं हाय तो गेला. पर त्याचं नाव ठिवा. बिननावाचा पुरू नगा त्याला. गावानं त्याला बिनबापाचा म्हनलंच हाय. नाव तरी असू द्या."

दाराशी उभे असलेले पौलसराव घसा खाकरून म्हणाले, "बाप्तिस्म्याचं पंचांना विचारावं लागेल."

"बाप्तिस्म्याचं नंतर बघू," महाराज म्हणाले. "आई नाव मागते आहे. आत्या कोण होतंय?"

अंगणातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नाथाला बहीण नव्हती. आत्या म्हणून मांडीवर घ्यायचे म्हणजे नाथाला भाऊ म्हणायचे, आणि ते पोर आपल्या माहेरचे आहे असे सगळ्यांदेखत कबूल करायचे. एकीने पदर चाचपला. एक चुलीकडे बघायला गेली. दुष्ट नव्हत्या त्या, भ्याल्या होत्या. नाथा दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि प्रत्येकीच्या तोंडाकडे आशेने बघत होता. ते बघवत नव्हते.

"मी विधवा आहे," मागून अक्का म्हणाली. "मला चालेल का, महाराज?"

"मला काय विचारता? आईला विचारा."

अक्का दारात वाकली. "पोरी, मी नाव ठेवू का गं?"

सारा म्हणाली, "या आक्का."

एवढ्यात अंगणाच्या कुडापाशी त्र्यंबकराव येऊन उभे राहिले. बहीण ओढा ओलांडून गेली हे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि ते तिला न्यायला आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले. "अक्का," ते दबक्या आवाजात म्हणाले, "काय चालवलंयस हे? घरी चल."

"आले. एवढं नाव ठेवते नि येते," अक्का म्हणाली आणि खाली जमिनीवर बसली. सुईणीने ते निपचित गाठोडे तिच्या मांडीवर ठेवले. अक्काने नाथाकडे पाहिले. "दादा, तुमच्या मनात काही नाव आहे का?"

आयुष्यात नाथाला कोणी दादा म्हटले नव्हते. "तुमीच," तो कसाबसा म्हणाला.

महाराज गुडघ्यांवर आले. त्यांनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. त्यांच्या मोठमोठ्या प्रार्थना लोकांना पाठ होत्या, पण त्या दिवशीची प्रार्थना फार लहान होती. जवळ बसलेल्या सुईणीने ती ऐकली आणि तीच पुढे सगळ्यांना सांगत असे. महाराज म्हणाले, "प्रभू, तू कसा जन्मलास हे सांगून सांगून मी म्हातारा झालो. कोणाला पटलं, कोणाला नाही. आता बोलायची ताकद नाही. हा जन्मलाय, एवढं मला दिसतंय. याला राहू दे."

अक्का वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिने "कुर्रर्र" केले आणि नाव सांगितले. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर हलकेच थापट्या मारल्या. त्या रडत होत्या आणि थापट्या मारत होत्या. अक्का पुन्हा वाकली, पुन्हा नाव सांगितले. आणि काय सांगावे! त्या फडक्यात काहीतरी हलले. निळा ओठ थरथरला. बाळाने एक उचकी दिली आणि मग असा टाहो फोडला की ओढ्यापलीकडे बाजार आवरणाऱ्या लोकांनी माना वळवल्या.

लोक विचारतात, मूल खरोखर गेले होते की नुसते गुदमरले होते. विचारणारे नेहमी विचारतात. मी तिथे नव्हतो. सुईण तिथे होती, आणि ती मरेपर्यंत म्हणत राहिली की ते लेकरू मी माझ्या हातांनी पुरायला गुंडाळले होते. ज्याला जे मानायचे ते त्याने मानावे. त्या अंगणात त्या वेळी कोणी काही विचारले नाही. नाथा तर मातीत लोळून रडत होता.

"नाव काय ठेवलं, आक्का?" सुईणीने विचारले.

"भास्कर," अक्का म्हणाली.

कुडापाशी त्र्यंबकरावांनी डोळे मिटून घेतले. भास्करराव खेडकर हे त्यांचे वडील. त्या नावासाठी आपल्याला मुलगा व्हावा म्हणून त्यांनी किती वर्षे वाट पाहिली होती, आणि तो झाला नव्हता. ते अंगणात आले. अक्कासमोर उभे राहिले. रागावतील असे सगळ्यांना वाटले, पण त्यांच्या तोंडून निघाले ते भलतेच.

"बाबांचं नाव दिलंस?"

"आत्या आपल्या माहेरचंच नाव देणार ना, त्र्यंबक. दुसरं कुठलं आहे माझ्याकडे?"

मास्तर नाथाकडे वळले. "नाथा," ते म्हणाले, "मघाशी मी चिंचेखाली जे बोललो..."

"जाऊ द्या की मास्तर," नाथा डोळे पुशीत म्हणाला. "पोरगं रडतंय बघा कसं."

पौलसराव आत गेले. त्यांनी साराला काय सांगितले कोणास ठाऊक, पण त्या रविवारी उपासनेला नाथाची सतरंजी पुढे अंथरलेली होती. नाथाने ती वाऱ्यासाठी पुन्हा दाराजवळ ओढली, ती गोष्ट निराळी.

महाराज अक्काजवळ कुडाला टेकून बसले होते. त्यांचे ओठ सुकले होते. मास्तर त्यांच्यासमोर येऊन उकिडवे बसले. "महाराज," ते म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. ते मरीयेचं मला अजूनही पटत नाही. आज इथं जे झालं तेही मला नीट कळलेलं नाही. मी वाद घालत नाही. पण पटत नाही."

"बरं," महाराज म्हणाले. "नका पटवून घेऊ."

"तुम्ही मला समजावणार नाही?"

"मी फार दमलोय हो मास्तर. आणि अक्काही दमली, बघा. उठायचं म्हणते तर तिच्याकडचं मूल घ्यायला कोणी नाही. हे धरा जरा."

असे म्हणून महाराजांनी अक्काच्या मांडीवरून बाळ उचलले आणि त्र्यंबकरावांच्या हातांत दिले. मास्तरांना मूल धरायची सवय नव्हती. त्यांनी ते छातीशी घट्ट धरले. भास्कर रडता रडता थांबला आणि त्याने त्यांच्या सदऱ्याची गुंडी मुठीत धरली. मास्तरांना महाराजांच्या पाया पडायचे होते, पण हात मोकळे नव्हते. तेव्हा त्यांनी तसेच गुडघे टेकले, आणि लेकराला धक्का लागू नये म्हणून हळूहळू वाकत महाराजांच्या सुजलेल्या पायांवर डोके ठेवले.