शिंपिणीचा पत्ता

मुलांची मासिकं नुकती कुठे निघू लागली होती, त्या काळची ही गोष्ट. भार्गवतात्या मुलांसाठी पाखरांच्या गोष्टी लिहीत आणि मासिकाला धाडण्याआधी संध्याकाळी गावातल्या पोरांना वाचून दाखवत.

त्यांच्या परसातल्या लिंबोणीवर शिंपीण नावाच्या इवल्याशा पाखराने कापसाच्या धाग्याने पानं शिवून घरटं केलं होतं. आत अंडी होती. एके सकाळी तिने ऐकलं, तात्या ओसरीवर लिहिता लिहिता पुटपुटत होते, "विहिरीजवळच्या लिंबोणीवर, खालच्याच फांदीला..."

"ऐकलंस का? आपलं घर छापून येणार!" नवरा फुशारला.

"आणि संध्याकाळी पोरं फांदी वाकवतील, ते?" असं म्हणून शिंपीण थेट तात्यांच्या दौतीवर जाऊन बसली. "तात्या, तेवढा पत्ता खोडा."

"अगं, मी खोटं लिहीत नाही."

"खोटं लिहा कोण म्हणतंय? टाका कसा घातला, किती नाजूक आहे, सगळं लिहा. पण बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही गाव नेता का हो?"

तात्या ओशाळले. त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'एका झाडावर.'

संध्याकाळी गोष्ट ऐकून पोरं ओरडली, "कुठलं झाड, तात्या?"

"मला नाही सांगायचं," तात्या म्हणाले.

मग पोरं झाडाझाडाखाली माना वर करून फिरू लागली. टाका उसवेल म्हणून फांदीला कुणी हात लावेना. फिरत फिरत ती लिंबोणीखालीही आली. शिंपीण अंड्यांवरून हललीसुद्धा नाही.