शेवटच्या शेताचे पाणी

पूर्वी त्रेतायुगात, आसमुद्र पृथ्वीवर सम्राट बृहत्केतूची आण चालत होती, तेव्हा त्याच्या साम्राज्याच्या दक्षिण टोकाला कौमुदमंडल नावाचा एक प्रांत होता. प्रांत कसला, नुसता तापलेला खडक! तिथला मांडलिक राजा वसुदान याने प्रजेसाठी बारा वर्षे वायुभक्षण करून तप केले, तेव्हा तृणपाद ऋषी प्रसन्न झाले आणि त्यांनी स्वर्गातील पयोदा नदी त्या खडकावर उतरवली.

वसुदानाने ओंजळीत तिचे पाणी घेतले आणि गर्जून सांगितले, "महर्षे, वरच्या शेतांनी आधी पाणी घेतले की टोकाचा माणूस उपाशी मरतो. म्हणून माझ्या राज्यात पाटाचे पहिले पाणी शेवटच्या शेताला मिळेल, आणि खोऱ्याने माती सारून दारे मी स्वतः धरीन! हा क्रम माझ्या हातून मोडला, तर पयोदेने आमच्याकडे पाठ फिरवावी!"

"तथास्तु!" ऋषी म्हणाले आणि त्या शेवटच्या शेताच्या बांधावरच पर्णकुटी बांधून राहिले.

मग काय विचारता! दरवर्षी लावणीच्या दिवशी मुकुट उतरवून, हाती खोरे घेऊन राजा चिखलात उभा राही. शालिधान्याने कोठारे ओसंडली, विद्वान आले, विणकर आले; सम्राटाच्या सभेत कौमुदाचे आसन उजवीकडे पहिले लागले.

आणि एके वर्षी ऐन लावणीच्या दिवशी दूत आला, की सम्राट स्वतः येत आहेत. वसुदान हरखला. राजोद्यानातील कारंजी उडाली पाहिजेत, सरोवर काठोकाठ भरले पाहिजे! त्याने पाट उद्यानाकडे वळवला. म्हातारा पाटकरी हात जोडून म्हणाला, "महाराज, आज नको!"

"अरे, एका दिवसाने काय आभाळ कोसळते?" राजा हसून म्हणाला. अरे करंट्या! बारा वर्षे वारा खाऊन मिळवलेले कुणी असे उधळते का?

सम्राट आला तो अनवाणी, पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीने माखलेले. वसुदानाने लगबगीने सुवर्णाच्या पादुका मागवल्या. सम्राटाने त्या बाजूला सारल्या. तो उडणाऱ्या कारंज्यांकडे गोंधळून पाहत राहिला. इतक्यात तृणपाद ऋषी आले आणि त्यांनी शेवटच्या शेतातल्या करपलेल्या रोपांची जुडी राजापुढे ठेवली.

"वसुदाना," सम्राटाचा आवाज कापत होता, "हे काय केलेस? कारंजी माझ्या दाराशी शंभर आहेत! तुझी ही रीत उद्यापासून साऱ्या साम्राज्याचा नियम करावा, आज तुझ्या शेजारी उभे राहून दारे धरावीत, म्हणून मी सीमेपासून अनवाणी चालत आलो. शेवटचे शेत कुठे आहे?"

त्याच क्षणी कारंजी खाली बसली. सरोवराचा तळ उघडा पडला, चिखलात मासे तडफडू लागले, आणि लोक छाती पिटत धावले तो पयोदा उलटी फिरून पर्वताकडे निघालेली! हे बघवेना कुणाला.

राजाने ऋषींचे पाय धरले. "महर्षे, शाप मागे घ्या! पाहिजे तर माझे प्राण न्या!"

ऋषींच्या डोळ्यांना धार लागली होती. "मी शाप दिलाच कुठे, बाळा? शब्द तुझेच होते. ते परत घ्यायला माझ्याजवळ काहीच नाही."

कोठारे रिकामी झाली. विणकर गेले, विद्वान गेले, सम्राटाच्या सभेतील ते आसन उचलले गेले. वसुदान मात्र गेला नाही. खोरे घेऊन तो शेवटच्या शेतात पाण्याची वाट पाहत उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्याची शिळा झाली.

कौमुदाच्या कोरड्या पात्रातून जाणारे वाटसरू अजूनही स्वतः पिण्याआधी त्या वाकलेल्या शिळेच्या पायाशी ओंजळभर पाणी ओततात. ते लगेच जमिनीत जिरून जाते.